कुमार गटातला हिरो मॅटवर टिकेल का?

प्रो कबड्डीच्या लिलावाची तारीख जाहीर झाली की पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यातल्या टपऱ्यांवर चहा गार होईपर्यंत वाद रंगतात. पहिल्या पाळीचे कामगार नुकतेच सुटलेले असतात, सॉफ्टवेअर पार्कातली मुलं गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबत येतात, रुपीनगरातले दोन-तीन जुने खेळाडू मोटारसायकलला टेकून उभे असतात. यातला कोणी मूळचा वाळव्याचा, कोणी चंदगडचा, कोणी श्रीगोंद्याचा, कोणी बीडचा. प्रत्येकाच्या गावाकडं एक पोरगा असतोच, जो कुमार गटात जिल्ह्याचं मैदान मारत असतो. "एकेका सामन्यात वीस-वीस गुण घेतो, तरी याला कुणी घेत कसं नाही?" हा एकाचा सवाल. "तिकडं घेतो रे. इथं डाव्या कोपऱ्यात कोण उभा असतो ते बघितलंस का?" हा दुसऱ्याचा जवाब.

वेळ घालवण्यासाठी चाललेल्या गप्पा म्हणून हा वाद सोडून देता येत नाही. लिलावाच्या टेबलावर बसलेले प्रशिक्षक आणि संघमालक याच प्रश्नाशी झगडत असतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या पोराबद्दल हे बोलणं चालतं, त्याच्या घरात तर त्या उत्तरावर पुढची दहा वर्षं ठरतात. महाविद्यालयात आणि कुमार गटात चमकलेला खेळाडू व्यावसायिक मैदानावर टिकेल की नाही, हे आधी ओळखता येतं का? गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्राच्या कबड्डीनं या प्रश्नाला भरपूर पुरावा पुरवला आहे.

आधी पैशाचं प्रमाण लक्षात घ्यायला हवं. २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला तेव्हा सगळ्यांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार, आणि पटना पायरेट्सनं त्याच्यासाठी मोजले होते १२ लाख ८० हजार रुपये. २०२५च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी २३ लाखांची बोली लागली. मधल्या काळात खेळाडूंच्या चार श्रेणी ठरल्या. २०२३पासून त्यांची मूळ किंमत ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख अशी आहे. गावाकडच्या पोरासाठी मात्र खरा दरवाजा लिलावाच्या आधीच उघडतो. 'न्यू यंग प्लेअर' नावाच्या योजनेत संघ विशीच्या आतबाहेरची मुलं हेरतात, करारावर घेतात आणि आपल्या छावणीत ठेवतात. महाविद्यालयाची वाटही आता बंद नाही. २०२२च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची अंतिम फेरी खेळलेल्या दोन संघांतले मिळून २४ खेळाडू यादीत होते.

दरवाजे वाढले, तशी आतून परत फिरणाऱ्यांची संख्याही वाढली.

लिलावाचा अंदाज किती चुकतो, ते २०१८ सालानं महाराष्ट्राला दाखवलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला हैदराबादेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला हरवून तब्बल अकरा वर्षांनी वरिष्ठ गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. काही महिन्यांनी लिलाव झाला. मोनू गोयतला हरयाणा स्टीलर्सनं १ कोटी ५१ लाखांना घेतलं, रिशांकला यू. पी. योद्धानं १ कोटी ११ लाखांना. एकूण सहा खेळाडू कोटीच्या घरात गेले. त्याच लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीकडचा एक धिप्पाड चढाईपटू यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला. त्याचं नाव सिद्धार्थ देसाई.

त्या मोसमात सिद्धार्थनं चढाईत दोनशेहून अधिक गुण घेतले. तीन बचावपटू अंगावर घेऊन मध्यरेषेकडं ओढत नेणारा हा गडी पाहायला टीव्हीसमोर गर्दी व्हायला लागली, आणि समालोचकांनी त्याला 'बाहुबली' म्हणायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. तो त्या लिलावातला सगळ्यांत महागडा खेळाडू ठरला. एका वर्षात किंमत जवळपास चौपट. खेळाडू तोच, शरीर तेच, चढाईची ढबही तीच. बदललं होतं ते एवढंच, की मोठ्या बचावपटूंसमोर तो काय करतो हे आता लोकांनी पाहिलं होतं.

टपरीवरच्या वादात नेमका हाच मुद्दा बहुतेक वेळा निसटतो. कुमार गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. स्पर्धेच्या दिवशी पोरं काट्यावर उभी राहतात, काही जण आदल्या रात्री जेवतसुद्धा नाहीत. त्यामुळं तिथं समोर येणारा प्रत्येक जण साधारण आपल्याच मापाचा असतो. व्यावसायिक संघात पाऊल टाकल्यावर ही सोय संपते. समोर तिशीकडं झुकलेला, दहा वर्षं सेनादलात किंवा रेल्वेत कबड्डी खेळून मांड्या आणि खांदे घट्ट झालेला माणूस असतो. मोठ्या गटातही वजनाला मर्यादा आहे, पण ती इतकी वर असते की एकोणीस वर्षांच्या पोराला तिथवर पोचायला दोन-तीन वर्षं खुराक आणि व्यायाम लागतो.

फरक नेमका कुठं पडतो, ते एका चढाईत दिसतं. कुमार गटाच्या सामन्यात गुणी पोरगा निदान रेषा ओलांडतो, डावीकडं दोन पावलं टाकतो, झटक्यात उजवीकडं वळतो. समोरची साखळी मागं सरकते. कोपऱ्यातला मुलगा अधीर असतो. तो घोट्यावर लवकर झेप घेतो, चढाईपटू पाय वर उचलतो, झेप घेणाऱ्याच्या पाठीवर हात टेकवतो आणि उडी मारून परत येतो. गुण मिळतो, मैदानाबाहेर शिट्ट्या वाजतात. दहापैकी सात वेळा हेच घडतं आणि पोराला वाटतं, आपल्याला जमलं.

मॅटवरचा अनुभवी डावा कोपरारक्षक झेपच घेत नाही. गुडघे वाकवून, एक हात जमिनीकडं सोडून तो थांबतो. त्याची नजर पोराच्या चेहऱ्यावर नसते, कमरेवर असते, कारण चेहरा हूल देतो, कंबर देत नाही. पोरगा हात मारून परत फिरतो, पुढच्या पायावर सगळा भार येतो, आणि त्याच क्षणी घोट्याला पकड बसते. आता उचलायला पाय मोकळा नसतो. बाजूचा मध्यरक्षक छातीनं आडवा येतो, साखळीचं दुसरं टोक मागून कमरेला मिठी घालतं. दोन-तीन सेकंदांत खेळ संपतो. कुमार गटात जो पोरगा आत शिरण्यात पटाईत होता, त्याला इथं कळतं की चढाईचा अवघड भाग परत येण्यात आहे.

म्हणून जाणकार प्रशिक्षक पोराचे गुण मोजण्याआधी त्याचं परतणं बघतात. हात मारल्यावर तो पाठ फिरवतो की तोंड समोर ठेवून मागं सरकतो? अडकल्यावर शरीर सैल सोडतो की मध्यरेषेच्या दिशेनं हात लांबवून झगडतो? डुबकी, हनुमान उडी, लाथ, यातलं एखादं तरी हत्यार त्याला दोन्ही बाजूंना वापरता येतं का? एकाच बाजूनं खेळणारा चढाईपटू कुमार गटात राजा असतो. व्यावसायिक लीगमध्ये चार सामने झाले की प्रतिस्पर्धी संघ त्याच्या चित्रफिती काढून बसतात आणि त्याची ती बाजू बंद करतात.

दुसरी कसोटी तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. गावच्या संघात स्टार पोरगा मनाला येईल तेव्हा चढाईला जातो. सात गडी समोर असताना बोनस घेतो, तीन उरले की लोण चढवतो. व्यावसायिक संघात ही मलई मुख्य चढाईपटूच्या वाट्याला जाते. नवख्याला पाठवतात ते बहुतेक या तिसऱ्या चढाईला. समोरच्या सगळ्यांना माहीत असतं की हा आता आत शिरणारच. अशा वेळी तीस सेकंदांत डोकं थंड ठेवून एक गडी टिपणारा पोरगा सामन्यात चार-पाचच गुण घेतो, पण प्रशिक्षकाच्या वहीत त्याचं नाव पक्कं होतं. टपरीवर मात्र त्याची चर्चा होत नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या बातमीत चार गुणवाल्याचं नाव नसतं.

नव्या मुलांवर भरवसा ठेवला तर काय घडतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण तळवड्यापासून फार लांब नाही. पुणेरी पलटणचं घरचं मैदान म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात आहे. २०२१च्या डिसेंबरात, करोनाच्या सावटाखाली बंगळुरात आठवा मोसम सुरू झाला, तेव्हा पलटणकडं राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही दोन मोठी नावं होती. एकेकाळी दोघंही कोटीच्या घरात गेलेले. संघात त्यांच्याबरोबर नवीन मुलांच्या योजनेतून आलेले दोन चढाईपटू होते, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत. मोसम पुढं सरकत गेला तशी चढाईची जबाबदारी या दोन पोरांकडं आली. नाववाले मागं राहिले, पोरांनी संघ बाद फेरीत नेला.

पलटणनं त्यानंतर जे केलं ते जास्त महत्त्वाचं. पोरं चालली म्हणून त्यांना विकून मोठी नावं आणण्याऐवजी तोच गट एकत्र ठेवला. २०२२च्या नवव्या मोसमात संघ अंतिम फेरीत पोचला. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सनं त्यांना ३३-२९ असं हरवलं. अस्लम आणि मोहित दोघंही त्या सामन्यात खेळू शकले नव्हते. पुढच्या वर्षी प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी अस्लमच्या हाती संघाचं नेतृत्व दिलं आणि शादलूला २ कोटी ३५ लाखांना आणून बचाव भक्कम केला. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी पलटणनं फक्त २ गमावले. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून संघ पहिल्यांदा विजेता झाला. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. त्याआधीच, २०२३च्या ऑक्टोबरात, हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात तो आणि पलटणचाच नाशिककर आकाश शिंदे होते.

त्या अंतिम सामन्याचा एक तपशील वादप्रेमींनी लक्षात ठेवावा असा आहे. पलटणकडून सर्वाधिक गुण घेतले मुंबईच्या पंकज मोहितेनं. एकाच चढाईत चार गडी टिपून त्यानं सामना फिरवला. तो काही २ कोटी ३५ लाखांचा खेळाडू नव्हता, कर्णधारही नव्हता. सातव्या मोसमापासून पलटणच्या छावणीत वाढलेला, कधी संघात तर कधी राखीव बाकावर बसलेला हा पोरगा. चार वर्षं त्याला कुणी 'फसला' म्हणून हाकललं नाही.

इथं या लेखाचं म्हणणं स्पष्ट मांडायला हवं. पोरगा टिकेल की नाही, हे त्याच्या गुणांइतकंच त्याला कोणता संघ मिळतो आणि तो संघ किती थांबतो यावर ठरतं. टपरीवरचा वाद नेहमी खेळाडूभोवती फिरतो. तो निम्मा तरी संघाभोवती फिरायला हवा.

हीच गोष्ट क्रिकेटमध्ये पिंपरी-चिंचवडकरांनी डोळ्यांनी पाहिली आहे. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. २०१६च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या भारतीय संघात तो नव्हता. आयपीएलमधल्या चेन्नई सुपर किंग्जनं २०१८च्या डिसेंबरात त्याला २० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं आणि २०१९चा अख्खा मोसम एकही सामना न देता बाकावर बसवलं. २०२०मध्ये संधी मिळाली तेव्हा पहिल्या तीन सामन्यांत त्याच्या धावा होत्या शून्य, पाच आणि शून्य. दुसऱ्या एखाद्या संघानं तिथंच त्याच्या नावावर फुली मारली असती. चेन्नईनं पुन्हा खेळवलं आणि त्यानं लागोपाठ तीन अर्धशतकं ठोकली. २०२१मध्ये ६३५ धावांसह मोसमात सर्वाधिक धावांचा मान त्याचा होता आणि २०२४मध्ये तो त्याच संघाचा कर्णधार झाला.

त्याच्या बरोबर उलट दिशेनं गेला पृथ्वी शॉ. २०१८च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघाचा तो कर्णधार. त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात त्यानं १३४ धावा केल्या. तेव्हा या दोघांपैकी कोण पुढं जाईल, असं विचारलं असतं तर सांगवीतही बहुतेकांनी पृथ्वीचं नाव घेतलं असतं. २०२४च्या नोव्हेंबरातल्या आयपीएलच्या मोठ्या लिलावात पृथ्वीवर एकाही संघानं बोली लावली नाही.

जगात या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकं आणि पैसा खर्च होतो तो अमेरिकेत. तिथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड करतात आणि आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. निवडीआधी मुलांची धाव, उडी, ताकद सगळं मोजतात, मुलाखती घेतात, चित्रफिती पाहण्यासाठी माणसं नेमतात. इतकं करूनही २००० साली मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीला संघांनी सहाव्या फेरीपर्यंत, १९८ खेळाडू निवडून होईपर्यंत, बाजूला ठेवलं. त्यानं पुढं सात वेळा विजेतेपद मिळवलं. २००७ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेला जमार्कस रसेल तीन मोसमांत लीगबाहेर गेला. केड मॅसी आणि नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या निवडींचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन मुलांपैकी आधी निवडलेला मुलगा नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याचं प्रमाण त्यांना आढळलं सुमारे ५२ टक्के. नाणं उडवून जेवढं साधतं, त्याहून थोडंच जास्त.

या आकड्यावरून निवड निरर्थक आहे असा अर्थ कुणी काढू नये. वरच्या फळीतली मुलं आणि तळातली मुलं यांच्यातला फरक निवडकर्त्यांना कळतोच. अडचण येते ती जवळपास सारख्या दोघांपैकी एकाला उचलताना. टपरीवरचे कडाक्याचे वादही नेमके अशाच दोघांवर होतात, त्यामुळं तिथं कोणीच हरत नाही.

दुखापत हा सगळे अंदाज उधळणारा भाग. २०२२मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलायवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि मोसमातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. पूर्ण मोसम गेला. विजेता कर्णधार अस्लमलाही २०२४मध्ये अकरावा मोसम अर्ध्यावर सोडावा लागला. सिद्धार्थ देसाईचा आठवा मोसमही दुखापतीनं तीन सामन्यांतच संपला होता. हे नशिबाचे फेरे म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यात तयारीचाही वाटा आहे. महाराष्ट्रातला पोरगा लहानपणी मातीत, अनवाणी खेळतो. माती पावलाला घसरू देते. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते, अंग वळतं आणि पाय जागच्या जागी राहतो, त्यामुळं पीळ थेट गुडघ्यावर येतो. ज्या पोराला सोळाव्या-सतराव्या वर्षापासून मॅट मिळालं, मांडीचे आणि पोटरीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम मिळाला, त्याला ही अडचण कमी येते. जिल्ह्याच्या ठिकाणी आज मॅट आहेत. तालुक्याच्या गावात मात्र पोरं अजून मातीवर सराव करतात आणि थेट निवड चाचणीला मॅटवर उतरतात.

टिकणं म्हणजे तरी किती वर्षं? परदीप नरवाल २०१५मध्ये बंगळुरू बुल्सकडून मोजकेच सामने खेळला, आणि तेव्हा त्याच्याकडं कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. पटना पायरेट्सकडं गेल्यावर त्यानं संघाला सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली. पाचव्या मोसमात चढाईत ३६९ गुण घेतले, एकूण १८०१ गुणांपर्यंत पोचला. २०२१ला त्याची किंमत १ कोटी ६५ लाख होती. २०२५च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्याच लिलावात देवांक दलालसाठी बंगाल वॉरियर्सनं २ कोटी २० लाखांहून जास्त मोजले. हा देवांक आधीचे मोसम जयपूरच्या संघात जवळपास बाकावरच होता. २०२४मध्ये पटन्यानं खेळवलं आणि त्यानं चढाईत ३०१ गुण घेतले. त्या मोसमाचा अंतिम सामना बालेवाडीत झाला, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या कित्येक कबड्डीवेड्यांनी त्याला जवळून पाहिलं. त्या दिवशी मात्र पटना हरलं आणि हरयाणा स्टीलर्स जिंकलं.

सर्वांत यशस्वी ठरलेल्याची कारकीर्द दहा वर्षांची, तर मधल्या फळीतल्या पोराची दोन-चार वर्षांची. म्हणून नोकरीचा विचार आलाच. प्रो कबड्डीच्या आधी मराठी खेळाडूचं टिकणं म्हणजे भारत पेट्रोलियम, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस यांच्या संघात जागा मिळणं. खेळ थांबला तरी पगार चालू राहायचा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आजही आहे, पण त्यासाठी शिक्षणाची अट पुरी करावी लागते. पोरगा एका संघाच्या सराव छावणीत गेला म्हणून बारावीची किंवा पदवीची परीक्षा सोडून देणाऱ्या घरांनी हे आधी पाहावं. छावणीला बोलावणं आलं म्हणजे करार झाला असं नसतं, आणि करार झाला म्हणजे सामना मिळाला असंही नसतं.

मुलींच्या बाबतीत तर हा वाद सुरूच होत नाही. २०१६मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा पुरुषांच्या लीगबरोबर झाली आणि ती तिथंच थांबली. हांगझौमध्ये चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात पुण्याची स्नेहल शिंदे आणि मुंबईची सोनाली शिंगटे होत्या. पुणे जिल्ह्यात मुलींची कबड्डी मुलांच्या बरोबरीनं, काही वर्षी त्यांच्याहून चांगली खेळली जाते. यातली कोणती मुलगी व्यावसायिक मैदानावर टिकेल असं टपरीवर कुणी विचारत नाही, कारण टिकायला तसं पक्कं मैदानच नाही. ही महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कबड्डी संघटनांची सर्वांत मोठी उधारी आहे.

मुलांच्या निवडीत सुधारणा करायला मात्र कोट्यवधी रुपये लागत नाहीत. प्रो कबड्डीत प्रत्येक चढाईची नोंद होते. समोर किती गडी होते, तिसरी चढाई होती का, गुण बोनसचा की स्पर्शाचा, पकड कुणी आणि कशी केली, हे सगळं लिहिलं जातं. जिल्हा, आंतरमहाविद्यालयीन आणि कुमार राज्य स्पर्धेत गुणपत्रकावर उरतात ते गुण, आणि सामना संपला की ते कागदही फायलीत जातात. मग निवड समितीसमोर राहते ती आठवण, ओळख आणि त्या दिवशीची निवड चाचणी. ज्या पोराच्या मागं बोलणारं कोणी नाही, तो इथंच गळतो. 'वीस गुण घेतले' या वाक्यात ते गुण कोणत्या बचावासमोर घेतले, हे कधीच येत नाही.

तळवडे, चिखली, मोशी, भोसरी या पट्ट्यात यात्रेच्या आणि मंडळांच्या कबड्डी स्पर्धा हिवाळाभर चालतात. याच पट्ट्यात दिवसभर संगणकावर आकडे आणि तक्ते सांभाळणारी हजारो तरुण माणसं राहतात, आणि त्यातली बरीच संध्याकाळी त्याच स्पर्धेच्या गॅलरीत बसलेली असतात. स्पर्धेच्या संयोजकांनी पंचांच्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या टाकाव्यात. अशा दोघांनी तिथं बसून प्रत्येक चढाईची नोंद करावी, मोबाइलवर सामना चित्रित करावा आणि स्पर्धा संपली की हे सगळं जिल्हा संघटनेला आणि खेळाडूंनाही द्यावं. येत्या हंगामात या पट्ट्यातल्या एका जरी मंडळानं एवढं केलं, तरी पुढच्या लिलावाआधीच्या वादात कुणाला तरी म्हणता येईल, "थांब, आकडे दाखवतो."